हशाच्या जागा

आमच्या घरी रेडिओवरची एक विनोदी मालिका ऐकली जायची. दीडशे वर्षांपूर्वीच्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांची ती टवाळी होती. तिच्यात एक अनाथ मुलगी होती. तिचे आईवडील जवळजवळ प्रत्येक भागात नव्याने मरायचे, कारण आधी मेलेले तिचे खरे आईवडील नव्हतेच, असं दर वेळी उघडकीला यायचं. एक दुष्ट काका होता. तो खोलीत शिरला की बाहेर वीज कडाडायची आणि तो नम्रपणे ‘माफ करा, माझ्यामुळेच’ म्हणायचा. एक डॉक्टर होता. मोडलेल्या पायापासून हरवलेल्या मृत्युपत्रापर्यंत सगळ्यावर तो समुद्राची हवा सुचवायचा. माळ्यावर कोणाला तरी कोंडून ठेवलेलं असायचं. कोणाला, ते घरात कोणालाच आठवत नसे, पण एक हाउसकीपर नेमाने ताट घेऊन वर जायची आणि काहीही विचारलं तरी ‘ते सांगायची मला परवानगी नाही’ एवढंच म्हणायची. आणि या मालिकेतलं मरणारं माणूस पटकन मरायचं नाही. निरोपाचं भाषण करता करता मध्येच उठून टोस्ट मागायचं आणि तो खाऊन झाला की पुन्हा आडवं होऊन राहिलेलं भाषण पुरं करायचं. दर दोन वाक्यांनी स्टुडिओतली माणसं हसायची.

सगळ्यांत जास्त माझे बाबा हसायचे. आयुष्यभर त्यांनी सांगलीच्या एका कॉलेजात याच कादंबऱ्या शिकवल्या. आई गेली तेव्हा म्हाताऱ्या आईवडिलांना इकडे आणायचे नियम आजच्यासारखे कडक नव्हते, म्हणून मी त्यांना कायमचं लंडनला, ईलिंगमधल्या माझ्या घरी आणलं. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांना ही मालिका सापडली. मला भीती वाटली होती की चिडतील, कारण या पुस्तकांच्या बाबतीत ते फार सोवळे होते. पहिला भाग ते चष्मा काढून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. मग तो डॉक्टर दिवाळखोर जमीनदाराला समुद्राच्या हवेबद्दल सांगू लागला आणि बाबांच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की मी ठसका लागला समजून पाणी आणायला धावले. ते डोळे पुसत म्हणाले, ‘अगं, या गाढवांनी मूळ पुस्तकं नीट वाचलीत.’ विद्यार्थ्यांपैकी किती जणांना त्यांनी एवढं प्रशस्तिपत्र दिलं असेल, देव जाणे.

त्यांना एकच वाईट खोड होती. विनोद झाला की ते तो समजावून सांगायचे. मी भाजी चिरत असायची आणि ते खुर्चीतून सुरू करायचे, ‘हे बघ, वारस कधी सरळ सापडत नाही. आधी तो हरवावा लागतो. ही हशाची जागा त्यांनी बरोब्बर पकडली.’ मी ‘हं’ म्हणायची. खरं सांगायचं तर मी मुद्दाम सायन्सला गेले होते, कारण आमच्या घरात आधीच पुष्कळ अनाथ झाले होते. त्यांचं समजावणं मी कधी धड ऐकलं नाही आणि तेव्हा त्याचं काही वाटलंही नाही.

मग ते विसरायला लागले. आधी शब्द, मग माणसं. एकदा विजेची किटली त्यांनी गॅसवर ठेवली आणि घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. एकदा टाय लावून, बसचा पास घेऊन ते लेक्चर घ्यायला निघाले. बसच्या ड्रायव्हरने त्यांना शेवटच्या थांब्यावर बसवून ठेवलं म्हणून सापडले. मेमरी क्लिनिकने त्यांच्या आजाराला एक नाव दिलं आणि हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा दिला. नवऱ्याशी माझं केव्हाच फाटलं होतं, लेक नॉटिंगहॅमला नर्सिंग शिकत होती. घरात आम्ही दोघंच. मेडनहेडच्या ऑफिसला मला आठवड्यातून काही दिवस जावंच लागायचं. त्या दिवशी मीटिंगमध्ये बसून मी टेबलाखाली फोनवर आमच्या स्वयंपाकघरातला कॅमेरा बघत असायची.

माझं मागणं मोठं नव्हतं. मी नसताना दुपारी कोणीतरी घरी यावं, त्यांना जेवू घालावं, कपडे बदलावेत, गॅस बंद आहे ना बघावं. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, अशी माणसं देतं, पण आधी त्यांची बाई घरी येऊन माणसाला किती मदतीची गरज आहे ते ठरवते. तिने हो म्हटलं तर बाबा घरात राहणार होते. नाही म्हटलं तर केअर होम. मी दोन-तीन जाऊन बघितली होती. वाईट नव्हती, स्वच्छ होती, हसतमुख मुली होत्या. पण बाबांचं इंग्रजी दिवस मावळला की मावळायचं आणि मग त्यांना फक्त मराठी उरायची. तिथे त्यांनी ‘लघवीला जायचंय’ म्हटलं असतं तर त्या मुलींनी हसतमुखाने त्यांना बिस्किट दिलं असतं. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं आणि त्यापायी मी रात्र रात्र दात खात पडून असायची.

बाई यायची होती त्या दिवशी मी काय केलं असेल? घर आवरलं. सकाळपासून. रेडिएटरवर वाळत घातलेल्या बाबांच्या पँटी कपाटात कोंबल्या, बाथरूम घासलं, कपाटांच्या दारांवर बाबांसाठी चिकटवलेल्या ‘कप’, ‘साखर’, ‘हे उघडू नका’ अशा चिठ्ठ्या काढून टाकल्या, कारण त्या बऱ्या दिसत नव्हत्या. बाबांची दाढी केली, त्यांना कोट घातला, टाय बांधला. ओलं खोबरं आणि कोथिंबीर घालून कांदेपोहे केले. पाहुणी येणार होती ना. आमच्या आईने मला दुसरं काही शिकवलंच नाही. बेल वाजली की आधी उशा सारख्या करायच्या, मग दार उघडायचं.

बाई सायकलवरून आली. आखूड पांढरे केस, पाठीवर पिशवी, हातात हेल्मेट. ती सोफ्यावर बसली मात्र, बाबा बदलले. आठवडाभर ज्यांना स्वतःची खोली सापडत नव्हती, ते खुर्चीवरून उठून, किंचित वाकून तिला म्हणाले, ‘प्रवासाचा त्रास नाही ना झाला?’ मग आपल्याकडे पाहुण्याला विचारतात तसं तिला तिचं मूळ गाव विचारलं. ती डर्बीशरची निघाली. बाबांनी तिला डर्बीशरबद्दल, तिथल्या गिरण्यांबद्दल, पावसाबद्दल आणि पाद्री लोकांच्या कुचकट बायकांबद्दल इतकं सांगितलं, की ती लिहायचं विसरून ऐकत बसली. कादंबऱ्यांतलं ते सगळं शाबूत होतं. आज कोणता वार आहे, असं तिने विचारलं तेव्हा ते क्षणभर थांबले. मी म्हटलं, आता अडकणार. पण ते म्हणाले, ‘मॅडम, निवृत्त माणसाला रोजच रविवार.’ ती खळखळून हसली. जेवणाखाण्याचं कसं करता, विचारल्यावर म्हणाले, ‘माझं काही अडत नाही.’ ते तर खरंच होतं. त्यांचं उभ्या आयुष्यात कधी काही अडलं नव्हतं, कारण आधी आई होती आणि नंतर मी.

मग तिने मला विचारलं, ‘अँड हाउ आर यू कोपिंग?’

तिच्या हातात माझ्या पोह्यांची बशी होती. बाबा समोर बसले होते. त्यांच्यादेखत, घरी आलेल्या माणसाला, मी काय सांगणार होते? की हे रात्री माझ्या खोलीच्या दारात उभे राहतात? की काल मी त्यांना ओली चादर बदलायला उठवलं तेव्हा त्यांनी मला मारलं? मी म्हणाले, ‘फाइन, फाइन. वुई मॅनेज.’ वर तिला पोहे वाढले. तिने रेसिपी विचारली.

काही दिवसांनी तिचा फोन आला. युअर फादर इज अ डिलाइट, ती म्हणाली. सध्या तरी दैनंदिन मदतीची आवश्यकता दिसत नाही, पण परिस्थिती बदलली तर जरूर कळवा. मी ‘थँक यू सो मच’ म्हणून फोन ठेवला आणि भिंतीवर डोकं आपटावं तसं फ्रिजच्या दारावर आपटलं. पुण्यातल्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘अगं, तिकडे तर सरकार सगळं करतं ना?’ त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर सगळंच भराभर खाली गेलं. बाबा मोजे घालून, बूट न घालता बाहेर पडले आणि मोठ्या रस्त्यावरच्या बसस्टॉपवर थरथरत बसलेले सापडले. तेव्हापासून मी पुढच्या दाराला आतून कुलूप लावायला लागले. किल्ली जीन्सच्या खिशात ठेवायची. दार हलवून, ठोकून झालं की ते माझ्याकडे बघायचे. मला कधी ओळखायचे, कधी नाही. नाही ओळखायचे तेव्हा अहो-जाहो करायचे, फार अदबीने, आणि ती अदब माझ्याने सहन व्हायची नाही.

आणि याच दिवसांत रेडिओही आमच्या हातून गेला. ती मालिका लागली की निदान अर्धा तास ते शांत बसायचे, तेवढ्यात मी आंघोळ उरकायची. त्या मालिकेचे जुने भाग अ‍ॅपवर केव्हाही लावता यायचे, त्यामुळे माझ्या आंघोळीची सोय कायमची झालीय असं मी धरून चालले होते. एक दिवस केसांचं पाणी निथळत बाहेर आले तर बाबा रडत होते. रेडिओवर त्या अनाथ मुलीचे कुठले तरी तिसरे-चौथे आईवडील उडत्या फुग्यातून पडून मेले होते आणि स्टुडिओ हसत होता. बाबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ‘काय झालं बाबा?’ विचारलं तर म्हणाले, ‘पोर उघड्यावर पडली हो. आता तिचं कोण करणार?’

मला आधी वाटलं, थट्टा करताहेत. मग पुढच्या भागातही तेच. डॉक्टरने समुद्राची हवा सांगितली की ते काळजीने मान हलवायचे, ‘एवढा खर्च कसा झेपणार त्यांना?’ माणूस मरता मरता टोस्ट मागायचं तेव्हा म्हणायचे, ‘द्या हो त्याला. शेवटची इच्छा आहे.’ विनोद त्यांच्यापुरता गळून पडला होता आणि खाली त्यांची ती जुनी कादंबरी तशीच होती, तिच्या सगळ्या दुःखांसकट. लोक हसायला लागले की ते गोंधळून रेडिओकडे बघायचे. ज्या जागा त्यांनी मला बोट दाखवून दाखवून शिकवल्या होत्या, त्याच जागी ते आता हुंदके देत होते. मी रेडिओ बंद केला तर दाराकडे धावत, लावला तर रडत. मी दोन्ही करून बघितलं. ओरडूनही बघितलं. एकदा तर मीच त्यांच्यासमोर फरशीवर बसून मोठ्याने रडले आणि म्हणाले, ‘बाबा, मला नाही जमत आता.’ त्यांनी मला हातरुमाल दिला आणि विचारलं, ‘बाई, तुम्हाला इथे पगार तरी वेळेवर देतात ना?’

तेव्हा मला कळलं की मी कोण झाले होते. त्यांची खोली लॉफ्टमध्ये, म्हणजे माळ्यावरच होती. दाराला कुलूप होतं. खिशात किल्ली वाजवत जेवणाचं ताट घेऊन मीच जिना चढत होते. त्यांच्या लेखी मी ती हाउसकीपर होते आणि त्यांचं काही चुकत होतं असंही म्हणता येत नव्हतं.

लेकीला फोन केला. ती इथेच जन्मली, तिची मराठी लंगडत चालते, पण डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं. मी रडत रडत सगळं सांगितलं, पोह्यांपासून.

‘वेट. आई, तू तिला पोहा दिला? आणि आजोबाला टाय घातली?’

‘मग? ती घरी आली होती.’

‘ती गेस्ट नाहीये, आई. आमच्या वॉर्डमध्ये पण आपली सगळी आजी-आजोबा असंच करतो. डॉक्टर राउंडला आला की एकदम स्ट्रेट बसणार, आय अ‍ॅम फाइन डॉक्टर. तो गेला की मला सांगणार, बेटा, खूप दुखतो. तू आजोबाला गेस्ट-रेडी केला. तिला रिअल आजोबा कुठे दिसला?’

‘पण कोणी आलं की ते तसेच होतात. मी काय करू?’

‘मग तिला येऊच नको देऊ. आय मीन, आली असं वाटायला नको. बेल नको, सोफा नको, चाय नको. आजोबा रेडिओ ऐकतो तेव्हा ती नुसती तिकडे असू दे.’

मी कौन्सिलला फोन केला, मग पुन्हा केला. रांगेत संगीत ऐकलं, माझा नंबर कितवा ते ऐकलं, लाइन तुटली, पुन्हा लावला. अखेर तीच सायकलवाली बाई फोनवर आली. मी तिला म्हटलं, परत या, पण बेल वाजवू नका. बाजूच्या फाटकातून मागे या, स्वयंपाकघराचं दार उघडं असेल. फ्रिजजवळ एक खुर्ची आहे, तिथे बसा. हॅलो म्हणू नका. मी तुम्हाला चहा विचारणार नाही, पाणीसुद्धा नाही, कृपा करून राग मानू नका. आमच्यात घरी आलेल्या माणसापुढे कोणी आजारी नसतं. तिने ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, ‘राइट. बाजूचं फाटक.’

त्या दिवशी मी काहीच आवरलं नाही. हे वाचायला सोपं वाटेल, पण मला ते बाळंतपणापेक्षा जड गेलं. रेडिएटरवर पँटी तशाच होत्या, घराला येतो तो वास येत होता, बेसिनमध्ये सकाळची भांडी होती. बाबा दोन दिवसांची दाढी घेऊन, उलटा स्वेटर घालून स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. मी दोनदा स्वेटर सुलटा करायला उठले आणि दोन्ही वेळा परत बसले. दुपारी मी मालिकेचा एक जुना भाग लावला. फाटक वाजलं, बाई आत आली, माझ्याकडे न बघता फ्रिजजवळ बसली. तिच्या हेल्मेटवरून पावसाचं पाणी फरशीवर टपकत होतं. घसा कोरडा असेल तिचा, असं माझ्या मनात आलं आणि मी हात मांड्यांखाली दाबून बसले.

रेडिओवर काका खोलीत शिरला, वीज कडाडली. बाईला हसू आलं. तिचाही दोष नाही, विनोद चांगलाच होता. मग अनाथ मुलीला निरोप आला की तिचे नवे आईवडीलही गेले, आणि निरोप आणणाऱ्याने विचारलं, ‘यांचंही रडणं त्याच खात्यात घालू का?’ स्टुडिओत हशा उसळला आणि ती मोठ्याने हसली.

बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. ते उठले नाहीत, वाकले नाहीत, तिचं गाव विचारलं नाही. इंग्रजीतच म्हणाले, पण तो सोफ्यापुढचा आवाज नव्हता, ‘एक पोर पोरकी झालीय आणि तुम्ही हसता?’

बाईचं हसणं तिथल्या तिथे थांबलं. तिने खुर्ची थोडी पुढे ओढली. ‘सॉरी,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला तिची काळजी वाटते?’

‘सगळ्यांनाच वाटायला हवी.’ त्यांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आवाज अगदी खाली आणला. ‘तुम्ही बाहेरून आलात ना? मग माझं एक काम करा. माझ्या मुलीला निरोप द्या. मी इथे आहे हे तिला माहीत नाही.’

‘तुमची मुलगी कुठे असते?’

‘ईलिंगला. फार हुशार आहे. सायन्सची आहे, माझ्यासारखी नुसती गोष्टी वाचणारी नाही. एकटीने सगळं उभं केलं तिने, परक्या देशात. मी तिला कधी म्हटलं नाही, पण मला तिचा अभिमान वाटतो. तिला नुसतं कळलं ना, की वडिलांना इथे ठेवलंय, ती पळत येईल.’

आमच्या घरात मुलांचं तोंडावर कौतुक करायची पद्धत नव्हती. पन्नाशी उलटेपर्यंत मी हे शब्द ऐकले नव्हते. बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर बसून, माझ्याकडे पाठ करून, ते एका परक्या बाईला सांगत होते. त्यांना थांबवावं की आणखी बोलू द्यावं, हे मला कळेना.

बाईने माझ्याकडे बघितलं आणि बाबांना हळूच विचारलं, ‘आणि या कोण?’

बाबांनी मला नीट न्याहाळलं. मी त्यांना पूर्ण वेळ दिला. मनातल्या मनात मी देवाला म्हणत होते की त्यांनी मला ओळखावं, आणि त्याच श्वासात म्हणत होते की ओळखू नये, कारण ओळखलं तर ही बाई पुन्हा नाही म्हणेल. अशी प्रार्थना करायची वेळ माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं.

‘या इथल्या बाई आहेत,’ ते म्हणाले. ‘स्वभावाने वाईट नाहीत. जेवायला वेळेवर देतात. पण दार उघडत नाहीत.’

रेडिओ चालूच होता. बाईने उठून तो स्वतःच बंद केला. तिने बाबांना किटली कशी लावतात ते विचारलं नाही, वारही विचारला नाही. मागच्या दारापर्यंत मी तिला सोडायला गेले तेव्हा ती म्हणाली, ‘मी आजच लिहून पाठवते. रोज दुपारी कोणीतरी येईल. शनिवारीसुद्धा. एखादी मराठी बोलणारी मिळते का, तेही बघते.’ आणि हेल्मेट घालता घालता, ‘आय अ‍ॅम सो सॉरी.’ मी ‘थँक यू’ म्हणाले. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. ती सायकल घेऊन फाटकाबाहेर गेली आणि मी तिथेच कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी राहिले, आत जायचं धैर्य येईपर्यंत.

संध्याकाळी मी वरणभात केला, दोन ताटं वाढली. बाबा आले, खुर्चीवर बसले, ताटाकडे बघितलं आणि हात मांडीवरच ठेवला.

‘जेवा ना,’ मी म्हणाले. ‘गार होईल.’

‘तुम्ही घ्या, बाई. माझी मुलगी यायचीय. निरोप गेलाय तिला.’

‘त्यांना उशीर होईल कदाचित.’

‘होऊ दे. आली की आम्ही दोघं बरोबर बसू.’

मी आणखी एकदा म्हणून बघितलं. त्यांनी हसून, समजुतीने मान हलवली. मग मी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि त्यांच्यासमोर बसून एकटी जेवले.